‘सीए नोज’ हे आजाराचं नाव नव्हे

रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळेत मी पुण्यात बसून अमेरिकेतल्या माणसांचे आजार आकड्यांत लिहिते. या कामाला मेडिकल कोडिंग म्हणतात. डॉक्टरनं लिहिलेली नोट वाचायची, त्यातला आजार ओळखायचा, त्याला ठरलेल्या यादीतला कोड लावायचा. मग तिकडची विमा कंपनी पैसे देते. बी.फार्म., बी.एच.एम.एस., बायोटेक असं काहीबाही शिकलेली किती तरी मराठी पोरं-पोरी आज हेच काम करतात. घरी कुणी विचारलं तर आम्ही सांगतो, ‘आयटीत आहे.’ समजावून सांगायचा कंटाळा येतो.

२०१९ साली, कामाला लागून सहा महिने झाले असताना, माझ्याकडून एक चूक झाली. चार्टवर आजाराचं नाव होतं ‘एस्थेसिओन्यूरोब्लास्टोमा’. शब्द पहिल्यांदाच पाहत होते. पुढे लिहिलं होतं की ही गाठ वासाच्या नसेशी जोडलेल्या पेशींतून येते. मी सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑलफॅक्टरी नर्व्ह, मॅलिग्नंट’ असं टाकलं. सी७२.२ हा कोड समोर आला. शिवाय नस डावी की उजवी, असंही त्यानं विचारलं. इतका नेमका प्रश्न विचारणारा कोड चुकीचा असेल असं मनातही आलं नाही. मी ‘उजवी’ निवडलं आणि पुढचा चार्ट उघडला.

दोन दिवसांनी ऑडिटमध्ये चूक निघाली. बरोबर कोड होता सी३०.०, म्हणजे नाकाची पोकळी. ऑडिटरनं मला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलाच नियम पुन्हा ऐकवला. गाठीचं पेशींवरून पडलेलं नाव कागदावर असेल तर सूचीत आधी ते नाव शोधायचं. अवयवांच्या तक्त्याकडे थेट उडी मारायची नाही. सूचीत एस्थेसिओन्यूरोब्लास्टोमा हा शब्द आहे आणि त्याच्यापुढे सी३०.० छापलेलं आहे. मी नाव सोडून जागा शोधली, म्हणून चुकले. सी७२ हा मज्जारज्जू, मेंदूतून निघणाऱ्या नसा वगैरेंचा गट. माझ्या एका क्लिकनं कुणा अमेरिकन माणसाचा नाकातला कॅन्सर मेंदूच्या शेजारी जाऊन बसला होता.

त्या महिन्यात माझी अचूकता थोडी घसरली. मला वाईट वाटलं ते त्या टक्क्यांचं. तो माणूस कोण, त्याचं काय झालं, हा विचार मी केला नाही. पण तो कोड मात्र पाठ झाला. तीन वर्षांनी तोच शब्द आईनं व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या एका फोटोत दिसला. रिपोर्ट माझ्या मामाचा होता. मला त्या आजाराचा कोड पाठ होता आणि आजार अजिबात माहीत नव्हता.

हा लेख मामासाठी रडायला लिहिलेला नाही. माझी एक तक्रार आहे, ती मांडायची आहे. आपल्याकडे आजाराचं पूर्ण नाव लिहिण्याची पद्धत नाही, आणि या एका सवयीपायी माणसं आधी उपचारांतून आणि मग मोजणीतून गळतात.

नाकातलं मांस

मामा कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गुऱ्हाळावर गुळव्या होता. काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. रंग बघायचा, फेस बघायचा, पाण्यात टाकून गोळी होते का ते बघायचं, आणि वास घ्यायचा. २०२१ च्या मे महिन्यात त्याचा फोन आला, ‘काकवीचा वासच येईना झालाय गं. नाकबी एका बाजूनं बंद हाय.’ तेव्हा दुसरी लाट चालू होती. वास जाणं म्हणजे कोविड, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मी म्हणाले, ‘मामा, कोविड होऊन गेला असेल. येईल वास. काहीजणांना वेळ लागतो.’ मी रोज रात्री आजार वाचणारी भाची, तेव्हा तिचा शब्द घरात चालायचा. त्याची टेस्ट निगेटिव्ह आली होती, हे मी ऐकून सोडून दिलं.

‘एका बाजूनं’ हा शब्दही मी सोडून दिला. नंतर वाचलं तेव्हा कळलं की सगळी मेख तिथेच होती. सर्दी, ॲलर्जी, कोविड यांत साधारणपणे दोन्ही नाकपुड्या त्रास देतात. मोठ्या माणसाची एकच नाकपुडी महिनोन्‌महिने बंद राहते, तिच्यातून अधूनमधून रक्त येतं, तेव्हा दुर्बिणीनं आत बघायलाच हवं.

ऑगस्टमध्ये रक्त यायला लागलं. नाकात तूप सोडून झालं, ओव्याची पुरचुंडी हुंगून झाली, वाफ तर रोजच. मग तालुक्याच्या गावी दाखवलं. ‘मांस वाढलंय’ असं निदान झालं. नोव्हेंबरमध्ये ते मांस काढलं. काढलेला तुकडा तपासायला पाठवला का, हे आम्ही विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. कागदावर लिहिलं होतं, ‘नेझल पॉलिप’. फेब्रुवारीत मांस पुन्हा वाढलं. सीटी स्कॅनमध्ये नाकाच्या छताचं हाड खाल्लेलं दिसलं. एप्रिल २०२२ मध्ये बायोप्सी झाली. पहिल्या फोनपासून अकरा महिने गेले होते.

त्या डॉक्टरांना मी खलनायक करणार नाही. हा आजार फसवतो. त्यांनी आयुष्यात किती पॉलिप काढले असतील आणि त्यांतले किती साधेच निघाले असतील! पण काढलेला तुकडा बाटलीत घालून लॅबला पाठवणं ही काही बुद्धिमत्तेची परीक्षा नव्हे. ती सवय आहे. शंभरातले नव्व्याण्णव तुकडे साधेच निघणार. उरलेला एक नेमका कोणता, हे डोळ्यांनी सांगता येत नाही, म्हणून सगळे पाठवायचे.

गोल, निळ्या, सारख्या दिसणाऱ्या पेशी

आता आजाराबद्दल, कारण तो समजल्याशिवाय पुढचं भांडण कळणार नाही.

नाकाच्या अगदी वरच्या टोकाला, छताशी, वास ओळखणाऱ्या अस्तराचा एक छोटासा पट्टा असतो. त्यातल्या चेतापेशी आयुष्यभर मरत राहतात आणि खालच्या थरातल्या मूळ पेशींतून नव्या तयार होत राहतात. शरीरातल्या फार थोड्या चेतापेशींना हे जमतं. या पेशींचे तंतू चाळणीसारखी भोकं असलेल्या एका पातळ हाडातून वर जातात आणि थेट मेंदूशी जोडले जातात. याच अस्तरातून जी गाठ उठते ती ऑलफॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा. एस्थेसिओन्यूरोब्लास्टोमा हे तिचंच दुसरं नाव. फ्रान्समध्ये बर्जे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२४ साली तिचं पहिलं वर्णन केलं. पेशी नेमक्या कुठून आल्या यावर वाद होत गेले तशी नावंही वाढत गेली.

ही गाठ नाकापुरती असेल तर पहिली पायरी, शेजारच्या सायनसमध्ये गेली तर दुसरी, त्यापलीकडे डोळ्याच्या खोबणीत किंवा चाळणीतून मेंदूकडे गेली तर तिसरी. ही कॅडिशची १९७६ सालची वर्गवारी. मानेच्या गाठींत किंवा दूर पसरलेल्या रुग्णांसाठी १९९३ मध्ये चौथी पायरी जोडली गेली. पेशी किती बिघडल्या आहेत याची प्रतवारी वेगळी असते. ती हायम्सच्या नावानं ओळखली जाते आणि तिच्यातही एक ते चार अशा श्रेणी आहेत. पायरी म्हणजे गाठ कुठवर गेली, श्रेणी म्हणजे गाठ किती आक्रमक आहे. दोन्ही कळल्याशिवाय उपचार ठरवता येत नाहीत.

अडचण सूक्ष्मदर्शकाखाली सुरू होते. पॅथॉलॉजिस्टला दिसतात छोट्या, गोल, निळ्या पेशींचे पुंजके. आणि अशाच छोट्या गोल निळ्या पेशी लिम्फोमात दिसतात, स्नायूंच्या एका कॅन्सरमध्ये दिसतात, नाकातल्या मेलॅनोमात दिसू शकतात, न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमात दिसतात, पिट्युटरी ग्रंथीची गाठ खाली नाकात उतरली तर तिच्यातही दिसतात. त्यांना वेगळं करायला खास रंगद्रव्यांच्या चाचण्या लागतात. सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन पॉझिटिव्ह हवेत. पुंजक्यांच्या कडेनं एस-१०० नावाचं प्रथिन दाखवणाऱ्या पेशी दिसल्या तर संशय पक्का होत जातो. केराटिन बहुधा निगेटिव्ह असतं. एकच चाचणी करून सुटका नाही. पाच-सहा उत्तरं एकत्र वाचायची असतात.

आणि हे वाचतानाही चुका होतात. अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या डॉक्टरांनी २००२ साली एक छोटा अभ्यास छापला. बाहेरून ‘ऑलफॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा’ असं निदान घेऊन आलेल्या १२ रुग्णांच्या स्लाइड त्यांनी पुन्हा तपासल्या. १२ पैकी फक्त २ जणांचं निदान खरं निघालं. बाकी १० जणांना दुसरंच काहीतरी होतं. हे त्या देशातलं आहे, जिथल्या नोटा मी वाचते आणि जिथे प्रत्येक ओळ ऑडिट होते.

यातून मी काय शिकले, तर चूक होणारच आहे. म्हणून चूक पकडता येईल असा कागद मागे ठेवावा लागतो. कोणत्या चाचण्या केल्या, काय आलं, शक्यता कोणत्या, कोणती नाकारली आणि का. मामाच्या पहिल्या बायोप्सीचा रिपोर्ट दोन ओळींचा होता. ‘स्मॉल राउंड सेल ट्यूमर. पुढील चाचण्यांचा सल्ला.’ दोन ओळींच्या त्या रिपोर्टबद्दल मी आजही त्या पॅथॉलॉजिस्टचे आभार मानते, कारण माहीत नसलेलं नाव त्यांनी ठोकून दिलं नाही. ब्लॉक मुंबईला गेला, चाचण्या झाल्या, नाव मिळालं. कॅडिश सी.

नाव पुन्हा हरवलं

आणि मग इतक्या कष्टानं मिळालेलं नाव आमच्याच फाइलमध्ये हरवलं.

मामाचं ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. त्यासाठी दोन-तीन ठिकाणी फिरावं लागलं, अशाच फायली फिरतात. घरी आलेल्या डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘सीए नोज, ऑपरेटेड’. पुढच्या ठिकाणच्या केसपेपरवर तेच उतरलं. नंतरच्या सगळ्या कागदांवर तेच.

‘सीए’ म्हणजे कार्सिनोमा. आणि मामाला कार्सिनोमा नव्हताच! कार्सिनोमा हा त्वचेच्या आणि अस्तराच्या साध्या पेशींचा कॅन्सर. ही चेतापेशींच्या कुळातली गाठ. पण कॅन्सर म्हटला की ‘सीए’ लिहायचं, इतका हात बसलेला आहे. ‘नोज’ ही जागा झाली. म्हणजे त्या दोन शब्दांत नाव चुकीचं होतं आणि जागा अर्धवट होती.

‘एवढ्यानं काय बिघडतं?’ असं मला खूपजणांनी विचारलं. सांगते.

मी लावते ती यादी, म्हणजे आयसीडी-१०, मुख्यतः जागेवर चालते. सी३०.० या एका कोडमध्ये नाकाच्या पोकळीचे जवळजवळ सगळे कॅन्सर येतात. साधा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा येतो, ॲडेनोकार्सिनोमा येतो, मेलॅनोमाही येतो आणि मामाची गाठही. यांचे उपचार वेगळे, वागणं वेगळं, परत येण्याच्या वेळा वेगळ्या. म्हणून कॅन्सर नोंदवायला दुसरी एक यादी आहे, आयसीडी-ओ. तिच्यात प्रत्येक गाठीला दोन आकडे मिळतात, एक जागेचा आणि एक पेशींच्या नावाचा. मामाचे आकडे असायला हवे होते सी३०.० आणि ९५२२/३. तिरप्या रेघेनंतरचा ३ सांगतो की गाठ घातक आहे आणि मूळ जागेचीच आहे. ९५२२ सांगतो की ही ऑलफॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा आहे, दुसरं काही नाही.

आता कॅन्सर रजिस्ट्रीतला माणूस डोळ्यांसमोर आणा. भारतातली पहिली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर रजिस्ट्री मुंबईतच, १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीनं सुरू केली. देशभरचा राष्ट्रीय कार्यक्रम आयसीएमआरनं त्यानंतर जवळपास दोन दशकांनी उभा केला. रजिस्ट्रीचे लोक हॉस्पिटलांतून फायली वाचत फिरतात. त्यांना आयसीडी-ओ येतं, माझ्यापेक्षा चांगलं येतं. पण समोरच्या फाइलवर ‘सीए नोज’ एवढंच असेल तर ते काय करणार? नाव न सांगितलेल्या कार्सिनोमासाठी ८०१० आहे. घातक गाठ आहे पण प्रकार ठाऊक नाही, त्यासाठी ८००० आहे. एवढंच त्यांच्या हातात उरतं. मामाच्या पेशी मुंबईच्या लॅबनं सहा चाचण्या करून ओळखल्या होत्या, आणि तीन कागद पुढे जाईपर्यंत त्या पुन्हा अनोळखी झाल्या.

उपचारातही बिघडतं. ही गाठ उशिरा परत येण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. पाच वर्षं उलटली म्हणून निर्धास्त होता येत नाही. दहा वर्षांनंतर, त्याहूनही नंतर ती परत आल्याच्या नोंदी आहेत. मानेच्या गाठी वर्षानुवर्षं तपासत राहावं लागतं. मामाच्या कार्डावर खरं नाव असतं, तर २०२४ मध्ये मानेला गाठ आली तेव्हा गावाजवळच्या डॉक्टरांनी ते नाव फोनवर तरी शोधलं असतं. ‘सीए नोज, ऑपरेटेड’ वाचून त्यांना वाटलं की ते प्रकरण संपलेलं आहे. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. मामा त्यामुळेच गेला, असं मी म्हणणार नाही. मला ते सिद्ध करता येत नाही. पण दोन महिने गेले, आणि ते एका रकान्यामुळे गेले.

‘पण इतका दुर्मीळ आजार...’

माझ्याशी वाद घालणारे पहिलं हेच म्हणतात. इतक्या दुर्मीळ आजारासाठी एवढा आटापिटा कशाला?

दुर्मीळ म्हणजे किती, ते बघू. दर दहा लाख माणसांमागे वर्षाला साधारण ०.४ असा अंदाज पुस्तकांत दिला जातो, म्हणजे एक कोटी माणसांत चार. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. तोच दर लावला तर वर्षाला ४५ जण होतात. एक एसटी भरेल इतके. १४० कोटींच्या देशात साडेपाचशेच्या वर. युरोपात एखाद्या देशाला दहा-वीस वर्षं थांबूनही इतके रुग्ण जमवता येत नाहीत. आपल्याकडे ते एका वर्षात होत असणार, आणि आपण त्यांना ‘सीए नोज’च्या गोणीत भरून तोंड शिवून टाकतो. उपचारांबद्दलचं ज्ञान मग बाहेरूनच यायचं. कोणत्या श्रेणीला केमोथेरपी द्यावी, मानेला आधीच रेडिएशन द्यावं का, हे प्रश्न आजही पूर्ण सुटलेले नाहीत. उत्तर द्यायला मोजलेले, नाव असलेले रुग्ण लागतात.

शिवाय हे फक्त या एका गाठीचं नाही. युरोपात वर्षाला लाखामागे सहापेक्षा कमी नवे रुग्ण असतील तर त्या कॅन्सरला दुर्मीळ म्हणतात. असे कॅन्सर दोनशेच्या आसपास आहेत. एकेकटा दुर्मीळ, पण सगळे मिळून तिथल्या कॅन्सर रुग्णांपैकी पाचातला एक. दुर्मिळांची ही गर्दी आहे, आणि प्रत्येकाला आपण ‘तुझ्यासारखे फार नाहीत’ म्हणून बाजूला काढतो.

दुसरा मुद्दा खरा आहे आणि मला तो टाळायचा नाही. सरकारी ओपीडीत एका कान-नाक-घसा डॉक्टरसमोर सकाळी शंभर माणसं उभी असतात. त्यानं रुग्ण बघायचा की कारकुनी करायची? रुग्णच बघायचा. डॉक्टरनं कोड लावावा असं मी म्हणतच नाही. अमेरिकेतला डॉक्टरही बहुतेक वेळा लावत नाही, म्हणून तर मला नोकरी आहे. डॉक्टरनं फक्त पॅथॉलॉजी रिपोर्टमधलं नाव, श्रेणी आणि पायरी जशीच्या तशी कार्डावर उतरवावी. ‘ऑलफॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा, हायम्स दोन, कॅडिश सी.’ सहा शब्द. पुढचं काम आमच्यासारख्यांचं.

आणि इथेच माझा खरा राग आहे. हे काम येणारी माणसं महाराष्ट्रात ढिगानं आहेत. आमच्या मजल्यावर दीडशे जण बसतात. गाठ नाकाच्या पोकळीतली की सायनसमधली, सायनस कोणता, पूर्वी झालेला कॅन्सर की अजून चालू असलेला, हे आम्ही मिनिटांत वेगळं करतो. ओपीडीच्या नोटेत ‘शक्यता आहे’, ‘संशय आहे’ असं लिहिलं असेल तर कॅन्सरचा कोड लावायचा नाही, लक्षणाचा लावायचा, इतका बारीक नियम आम्ही पाळतो. खात्री नसलेलं नाव कुणाच्या अंगाला चिकटू नये म्हणून तो नियम आहे. माझ्या मामाच्या जिल्ह्यातल्या किती हॉस्पिटलांत असा एक तरी माणूस पगारावर आहे? मोठ्या खाजगी हॉस्पिटलांत रेकॉर्ड विभाग असतो, तिथे कोडिंगही होतं. त्याखाली उतरलं की गठ्ठे, सुतळी आणि वाळवी. नाव नीट लिहिण्याचं कौशल्य आपण डॉलरमध्ये विकतो. आपल्या माणसांसाठी ते वापरायला मात्र पद मंजूर नसतं.

तिसरं उत्तर तरुण मित्रांकडून येतं. आता एआय आहे, तेच करेल. करू दे, माझी नोकरी गेली तरी चालेल. पण जे लिहिलंच नाही ते एआय वाचणार कुठून? ‘सीए नोज’मधून ९५२२ काढणारं यंत्र अंदाज करत असेल, आणि अंदाजाला निदान म्हणायचं दुखणं आपल्याकडे आधीच भरपूर आहे. शिवाय, मला सी७२.२ सुचवणारं सॉफ्टवेअरच होतं. त्यानं मी टाकलेल्या शब्दांना बरोबर उत्तर दिलं. शब्द चुकीचे होते.

चौथा आक्षेप जरा कवी मनाच्या मंडळींचा. माणसाला आकडा करू नका. मलाही एकेकाळी असंच वाटायचं. पण ही यादी बिलांसाठी जन्मलेली नाही. १८९३ साली जॅक बर्तियाँ या पॅरिसच्या संख्याशास्त्रज्ञानं शिकागोच्या परिषदेत मृत्यूच्या कारणांची एक सामाईक यादी मांडली, आणि तिचीच पुढची पिढी १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटना सांभाळते. लोक कशानं मरतात हे गावोगाव सारख्या शब्दांत कळावं, एवढाच तिचा मूळ हेतू. विमा कंपन्या नंतर आल्या. आकडा नसल्यानं मामा काही ‘माणूस’ म्हणून उरला नाही. तो फक्त मोजला गेला नाही.

मग काय करायचं

माझ्या मागण्या लहान आहेत. शरीरातून काढलेला प्रत्येक तुकडा पॅथॉलॉजीला जावा, पॉलिपसुद्धा. त्याचा खर्च ऑपरेशनच्या पॅकेजमध्येच धरलेला असावा, म्हणजे ‘तपासायचा का?’ हा प्रश्न गरीब माणसाच्या खिशाला विचारला जाणार नाही. डिस्चार्ज कार्डावर कॅन्सरचं पूर्ण नाव, श्रेणी आणि पायरी लिहिणं बंधनकारक असावं. ‘सीए अमुक’, ‘सीए तमुक’ हे निदान म्हणून स्वीकारलंच जाऊ नये. आणि जिल्हा रुग्णालयात प्रशिक्षित कोडरचं एक पद असावं. आम्ही येऊ. दिवसाची शिफ्ट असेल तर पगार कमी घेऊनही येऊ.

तुम्ही फोनवर हे वाचताय, तर तुमच्यासाठीही दोन गोष्टी. घरात कुणाची एकच नाकपुडी आठवड्यांमागून आठवडे बंद असेल, त्यातून रक्त येत असेल, वास गेला असेल, तर माझ्यासारखं फोनवर निदान करू नका. दुर्बिणीनं तपासून घ्या. बहुतेक वेळा साधंच निघेल, आणि तेच हवंय. आणि कुणाचंही काहीही काढलं तरी पॅथॉलॉजीचा मूळ रिपोर्ट मागून घ्या, त्याचा फोटो काढून ठेवा. मेणाचा ब्लॉक लॅबकडे असतो. दुसऱ्या मतासाठी तो मागता येतो. डिस्चार्ज कार्डावरचं नाव आणि रिपोर्टवरचं नाव एकच आहे का, हे तिथल्या तिथे ताडून बघा. नसेल तर काउंटरवरून हलू नका.

मामा जानेवारी २०२५ मध्ये गेला. गुऱ्हाळाचा हंगाम चालू होता. मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला मीच हातात घेतला, कारण घरात इंग्रजी वाचणारी मी. त्या नमुन्यात छापलेलंच असतं की मृत्यू कशा प्रकारे आला ते लिहू नका, कोणत्या आजारानं आला ते लिहा. त्याखाली लिहिलं होतं, ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी ॲरेस्ट’. हृदय आणि श्वास थांबला. जगात मेलेल्या प्रत्येक माणसाचं हृदय आणि श्वास थांबलेला असतो. भारतात २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांना वैद्यकीय कारणाचा दाखला होता. मामा त्या भाग्यवान गटातला म्हणायचा, आणि त्याच्या दाखल्यात हे.

सवयीनं माझ्या डोक्यात कोड आला. आय४६.९. हृदय बंद पडणे, इतर तपशील नाही. मी काउंटरवर परत गेले आणि म्हणाले, कारणाच्या ओळीत आजाराचं नाव लिहा. तिथल्या माणसानं विचारलं, ‘कॅन्सर लिहू का?’ मी म्हणाले, पूर्ण नाव लिहा. त्याला स्पेलिंग येत नव्हतं, ते येण्याचं काही कारणही नव्हतं. मी एका कागदावर लिहून दिलं, त्यानं ते डॉक्टरांकडे नेलं. अर्ध्या तासानं नवा दाखला आला. खालच्या ओळीत एक एक अक्षर सुटं करून उतरवलं होतं, ऑलफॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा. एक अक्षर चुकलं होतं. मी तेवढं राहू दिलं.